तीन वर्षांतून एकदा

आपा,

तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे. तुझी लेक नसरीन परवा म्हणाली, "मावशी, त्या दिवशी तुम्ही सकाळीच या. पुलाव तुमच्या देखरेखीखाली होऊ द्या." मी हो म्हटलं. तुझ्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं मला चमचा हलवायची परवानगी नव्हती, आणि आता तुझ्याच चाळिसाव्याच्या पुलावावर मी देखरेख करणार. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, तू बाहेर बस. तुझ्या हातानं मीठबी खारट लागत न्हाई."

लोक येतात, चांगलंच बोलतात. हॉस्टेलच्या जुन्या पोरींचे फोन येतात. कुणी डॉक्टर झालीय, कुणी नांदेडला शिकवते, कुणी कुठं. रडतात आणि तुझ्या हातच्या वरणाची आठवण काढतात. मी ऐकून घेते. पण माझ्या मनात जे आहे ते मला त्यांच्याशी बोलता येत नाही. कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि ते लोकांना सांगावं तर हसतील. निवृत्त झालेल्या दोन बायका, एक रेक्टर, एक मेसवाली. आणि दोन वर्षं वाद कशावरून, तर समुद्रातल्या बोटीच्या सहलीला दर वर्षी जायचं की तीन वर्षांतून एकदा. तू म्हणायचीस दर वर्षी. मी म्हणायचे तीन वर्षांतून एकदा. आपण एकदाच गेलो. दुसऱ्या खेपेला अजून आठ महिने बाकी होते आणि तू गेलीस.

माझं चुकलं, आपा. ते कसं चुकलं हे मला नीट, ओळीनं सांगायचंय. तेवढं ऐकून घे.

भूकंपानंतर तीन-चार वर्षांनी लातुरात बाहेरगावच्या पोरापोरींचा लोंढा सुरू झाला. दहावीला चांगले मार्क पडले की बाप पोरीला ट्रंकेसकट एसटीत घालून लातूरला आणायचा. गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड, मेसचे डबे आणि सायकलीच सायकली. मी हिमायतनगरकडची, बिनलग्नाची, खाजगी शाळेत शिकवून कंटाळलेली. मला मुलींच्या हॉस्टेलात रेक्टरची नोकरी लागली आणि राहायला खोली मिळाली. तू मेस सांभाळायला आलीस. तेव्हा तुझे मियाँ होते, त्यांचं सायकलींचं दुकान होतं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी म्हणून मी तुला आपा म्हणायला लागले आणि तू मला पोरींसारखंच बाई. पुढं आपण अगदी घरच्यासारख्या झालो, तू मला अगंतुगं करायला लागलीस, पण 'बाई' काही सुटलं नाही.

बौद्धाच्या घरातल्या बाईनं हॉस्टेल सांभाळायचं आणि मुसलमानाच्या घरातल्या बाईनं स्वयंपाक करायचा, हे पहिल्या वर्षी काही पालकांना पचलं नाही. दोघातिघांनी पोरी काढून नेल्या. मी घाबरले होते. तू मात्र कणीक मळता मळता म्हणालीस, "जाऊ दे की. जाऊन जाऊन जातील कुटं?" पुढच्या वर्षी आपल्या पोरींचा निकाल लागला आणि पोरी काढून नेलेल्यांतलाच एक बाप धाकट्या पोरीला घेऊन हात जोडत दारात आला. तू त्याला आधी जेवायला वाढलंस. मी असते तर तासभर उभा ठेवला असता.

आपला खरा वाद तेव्हापासूनचा, रजेचा. रजेच्या अर्जात एक कारणाचा रकाना होता. पहिली दोन वर्षं मी तो वाचला. पोट दुखतंय. मामाचं लग्न. आजी सीरियस. एका पोरीचा आजा तर एकाच वर्षात तीनदा वारला. मग मी कारण वाचायचंच सोडून दिलं. मागची रजा कधी झाली तेवढं बघायचे. तीन महिने झाले असतील तर सही, नसतील तर नाही. सगळ्या लातुरातल्या रेक्टर असंच करायच्या असं नाही, पण मला ते बरं वाटलं. भांडण नाही, रडारड नाही. शिवाय माझा पक्का समज होता की घरी जाऊन आलेली पोर आठ दिवस पुस्तकाला हात लावत नाही. सुट्टी जितकी दुर्मिळ, तितकी पोर शहाणी.

तू भाजी निवडत बसलेली असायचीस आणि म्हणायचीस, "बाई, वाच तर खरं."

"वाचून काय करू? सगळी खोटी कारणं."

"खोटं का असंना. पोट दुखतंय म्हणती म्हंजी कुटं तरी दुखतंयच ना तिचं."

देवणीची ती पोर तुला आठवते. शांत, कोपऱ्यात बसून अभ्यास करणारी. तिनं अर्ज दिला आणि मी तारीख बघितली. मागच्या रजेला दीडच महिना झाला होता, वर रविवारी टेस्ट होती. नाही म्हटलं. तिनं हूं का चूं केलं नाही. मंगळवारी तिच्या गावाहून निरोप आला, आजोबा गेले. मी अर्ज काढून वाचला. 'आजोबा आजारी आहेत, मला बघायचं म्हणतात.' एवढंच होतं. तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मेसवर मदतनीस बायकांना दोन वेळचं सांगून ठेवलंस, पोरीचा हात धरलास आणि स्वतः एसटीनं देवणीला घेऊन गेलीस. दोन दिवसांनी परत आलीस आणि पुढं आठ दिवस माझ्या ताटात वाढत होतीस पण माझ्याकडे बघत नव्हतीस. नवव्या दिवशी मी म्हटलं, "आपा, चुकलं." तू म्हणालीस, "मला काय सांगतीस? तिला सांग." मी तिलाही सांगितलं. पण नियम बदलला नाही. मी तशीच आहे, काय करणार. एक गोष्ट चुकली तर मी ती गोष्ट सुधारते, सवय सुधारत नाही.

माझी आई हिमायतनगरला वारली तेव्हा निरोप दुपारी आला. मी खोलीत नुसती बसून होते. तू पिशवी भरून दारात उभी राहिलीस. "चल, सहाची गाडी हाय." पोरींना चार-पाच दिवस खिचडी असं मदतनीस बायकांना बजावून आली होतीस. आमच्या बायकांत तू चार दिवस बसलीस, बुद्धवंदनेला सगळ्यांसोबत हात जोडून बसलीस, माझ्या आत्याच्या पायाला तेल लावून दिलंस. आत्या मरेपर्यंत विचारत होती, "ती तुझी मोठी बहीण कशी हाय?" मी तिला कधी सांगितलं नाही की तू माझी बहीण नाहीस. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग मालकांनी हॉस्टेलची इमारत विकली. तिथं आता सहा मजली क्लास झालाय. आपण दोघी एकाच महिन्यात घरी बसलो. तुझे मियाँ जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पहिले सहा महिने तू सकाळी उठून घरातल्या चौघांसाठी चाळीस जणांची कणीक मळायचीस असं नसरीन सांगायची. मी दर रविवारी तुझ्याकडे यायचे. दोघींनाही काय करावं ते कळत नव्हतं. अशात मुंबईला डॉक्टर असलेली आपली एक जुनी विद्यार्थिनी आली आणि तिनं बोटीचं काढलं. मुंबईहून निघते, गोव्याकडे जाते, तीन दिवसांनी परत आणून सोडते. राहणं-जेवण सगळं बोटीतच. मी नको म्हणणार तेवढ्यात तू म्हणालीस, "तिथं सैपाक कोन करतंय?"

"त्यांची माणसं करतात, आपा."

"मग चल. आयुष्यात एकदा तरी दुसऱ्यानं केलेलं खाऊन बघू."

सामान भरताना मात्र शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी आणि लोणच्याची बरणी घेतलीसच. बोट बघून तू खालपासून वरपर्यंत मान वळवत राहिलीस. तिचे मजले मोजत होतीस. आणि पाणी बघून म्हणालीस, "एवढं पाणी बाई! आन आपल्याला दुष्काळात रेल्वेनं आणावं लागलं." मागं उभे असलेले पुण्याचे लोक हसले. त्यांना कळलं नसेल की तू विनोद करत नव्हतीस.

बोट सुटायच्या आधी एक कवायत असते. बोटीवर काही झालं तर कुणी कुठं जमायचं त्याची. भोंगा वाजला, सगळ्यांना आपापल्या ठरलेल्या जागी जायला सांगितलं. लोकांना कंटाळा आला होता, कुणी फोटो काढत होतं, कुणी जांभया देत होतं. एक गणवेशातली मुलगी हातात यंत्र घेऊन प्रत्येकाचं कार्ड तपासत होती. तू नारिंगी जाकीट छातीशी घट्ट धरून एकटक तिच्याकडे बघत होतीस. सगळे झाले, पण आपल्या जागेवरचा एक माणूस कमी निघाला. तिनं खोलीचा नंबर पुकारला. पुन्हा पुकारला. कर्ण्यावरून सबंध बोटीत पुकारा झाला. लोक कुरकुरायला लागले. मीसुद्धा म्हटलं, "एकासाठी किती वेळ?" तू माझ्याकडे असं बघितलंस की मी गप्प बसले.

दहा मिनिटांनी तो माणूस आला. पोट सुटलेला, हातात अर्धी पुरी. जेवणघरात बसला होता. तू पुढं झालीस आणि त्याला झाडलंस, "ओ दादा, तुमच्यासाठी समदे उभे हाईत इथं. काय करायलात?" तो बिचारा ओशाळला. त्या मुलीनं त्याचं कार्ड तपासलं, यंत्राकडे बघितलं आणि हसून म्हणाली, "सगळे आले."

तू खाली बाकावर बसलीस आणि रडायला लागलीस. हमसून हमसून. तुला असं रडताना मी पहिल्यांदा बघत होते, मियाँ गेले तेव्हासुद्धा नाही. मला वाटलं बोट लागली. मी पर्समधून मळमळीची गोळी काढली, लिंबू कापून तुझ्या नाकाला लावलं. तू गोळी मुकाट्यानं गिळलीस. अगं, बोट अजून धक्क्याला बांधलेली होती! ती हललीसुद्धा नव्हती. एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. पोरींना विज्ञान शिकवलेली बाई मी.

पुढचे तीन दिवस तू लहान पोरीसारखी वागलीस. जेवणघरात जाऊन त्यांच्या आचाऱ्याला विचारलंस, भात उरतो तो कुठं जातो. पोहण्याच्या तलावाकाठी पाय सोडून बसलीस. गाण्याच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवल्यास. एक फोटो आहे, त्यात तू पदर तोंडाला लावून हसतेयस आणि मागं नुसतं निळं आहे. परतताना गाडीत उदगीरच्या एका कुटुंबाला तू बोटीचं इतकं वर्णन करून सांगितलंस की त्यांनी आपल्याला डबा दिला.

लातूरला उतरल्या उतरल्या म्हणालीस, "बाई, दर वर्षी जायचं."

"दर वर्षी? बोट आहे का उरूस?"

"उरुसाला न्हाई जात दर वर्षी? तसंच."

तिथून सुरू झालं. दर रविवारी तुझ्या ओट्यावर चहा, आणि चहासोबत बोट. मी म्हणायचे, रोज पुरणपोळी केली तर सणाला काय करायचं? तू म्हणायचीस, सणालाबी पुरणपोळीच करायची. नसरीनच्या नवऱ्यानं एकदा मध्ये पडून दोन वर्षांतून एकदाचा तोडगा काढला, तर आपण दोघी त्याच्यावरच घसरलो. तुझी कारणं तर काय सांगावी. बोटीत गुडघे दुखत न्हाईत. खाऱ्या हवेनं शुगर उतरती. डॉक्टरनंच सांगितलंय. मी हसून म्हणायचे, "कोणत्या डॉक्टरनं? नाव सांग." तू विषय बदलायचीस. मला मजा वाटायची. पोरींसारखी एक एक खोटं कारण देतेय, असं मी तुला तोंडावर म्हटलं. तू हसलीस. आणि मी यंदाचं नवं कॅलेंडर आणलं, मागच्या खेपेची तारीख बघितली, तीन वर्षं मोजली आणि खूण केली. म्हटलं, त्या आधी नाही.

हे लिहिताना मला माझाच राग येतोय. पण लिहायचं ठरवलंय तर लिहिते.

दवाखान्यातला तो मंगळवार. तुझ्या किडन्यांचं कळलं होतं, पण तुला दुपारी जरा बरं वाटत होतं. नसरीन औषधं आणायला खाली गेली होती. तू म्हणालीस, "बाई, मी तिथं का रडले म्हाईत हाय का तुला?"

तुझं माहेर किल्लारीकडचं आणि ते भूकंपात गेलं, एवढं मला पहिल्यापासून माहीत होतं. कोण कोण गेलं ते मी विचारलं नव्हतं. आपल्याकडं त्या वर्षांत असं कुणी कुणाला विचारत नसे. ज्याचं त्यानं सांगितलं तर ऐकायचं. तू कधी सांगितलं नाहीस. त्या दिवशी सांगितलंस. घरात नऊ माणसं होती. चार वाचली. चार सापडली, त्यांना माती दिली. आणि तुझी सगळ्यात धाकटी बहीण शमीम, तुझ्या लग्नानंतर जन्मलेली, तेरा वर्षांची. आदल्या दिवशी गणपती बुडवायला गाव निघालं ते बघायला मैत्रिणींसोबत गेली होती. कुणी म्हणे घरी परतली, कुणी म्हणे मैत्रिणीकडेच झोपली. ती मैत्रीण, तिचं घर, काहीच उरलं नव्हतं.

"मिलिटरीवाले आले, कलेक्टरची माणसं आली. समदे इचारायचे, घरात किती? अब्बा म्हणायचे नऊ. चार जिते, चार मेलेले. नववी कुटंच न्हाई. ना ह्या यादीत, ना त्या. अब्बा मरेपर्यंत बोटांवर गिनत व्हते, बाई. मीबी गिनत व्हते. मेसवर ताटं लावताना आधी पोरी गिनायचे मी, तू बघितलंस न्हवं? आन तिथं बोटीत त्या पोरीनं एका माणसासाठी समदी बोट थांबवली. एका माणसासाठी. आन तो आला. पुरी खात आला, पर आला. आन ती म्हणली, सगळे आले. मला उभ्या जल्मात कुणी असं म्हणलं न्हाई."

मी तुझा हात धरून बसले होते. शेवटी म्हटलं, "अगं मग मला सांगितलं का नाहीस? दोन वर्षं भांडत बसलो आपण."

तू म्हणालीस, "तू किती वेळा जायचं ते इचारत व्हतीस. कशाला जायचं, ते कुटं इचारलंस?"

रागानं म्हणाली नाहीस. नुसतं सांगितलंस. मग तूच डोळे मिचकावून विचारलंस, "मग आता? दर वर्षी?"

आणि आपा, माझ्या तोंडून काय निघावं? इतकी वर्षं रेक्टर राहिलेल्या बाईच्या तोंडून? मी म्हटलं, "आधी बरी तर हो. दोन वर्षांतून एकदा बघू."

तू खोकेपर्यंत हसलीस. "चला," म्हणालीस, "एक वरीस तरी खाली आलीस." त्यानंतर आपण दोघी नीट बोललो असं काही झालं नाही. गुरुवारी तू बोलण्याच्या पलीकडे होतीस आणि शनिवारी गेलीस. पुरुष माणसं तुला घेऊन निघाली तेव्हा मी बायकांमध्ये दारात उभी होते. नसरीन माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. मी तिची पाठ थोपटत होते आणि मनात तुला ओरडून सांगत होते, दर वर्षी, दर वर्षी. त्याचा काय उपयोग होता?

आता माझंही एक कारण ऐक. तू विचारलं नाहीस हेही खरं आहे, तेव्हा फिटंफाट. मी तीन वर्षं धरून बसले होते ते काही पुरणपोळीपायी नाही. पोरींच्या रजेचं गणित माझ्या हाडात भिनलेलं, ते तर होतंच. पण आत आणखी एक होतं. मी त्रेसष्टची, तू सदुसष्टची. दर वर्षी गेलो तर चार-पाच वर्षांत कुणाचे तरी गुडघे नाहीतर काळीज दगा देणार, आणि मग ते संपलं. पुढं वाट बघायला काय? तीन-तीन वर्षांनी गेलो तर पहिलीनंतर अजून पाच सहली होतात आणि तू ऐंशीच्या पुढं पोहोचतेस. मी हे खरंच बोटांवर मोजलं होतं. मला वाटायचं, पुढची बोट बाकी आहे तोवर आपा कुठं जात नाही. लोक लोणचं पुरवून पुरवून खातात तसं मी तुला पुरवून ठेवत होते.

मला तुझ्याशिवाय कुणी नव्हतं, आपा. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुला नसरीन होती, जावई होता, नात होती, मोहल्ला होता. मला रविवार होता. तुला हे ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. ठाऊक असावं, कारण एकही रविवार तू मला चुकू दिला नाहीस, आजारी असलीस तरी जावयाला स्कूटर घेऊन पाठवायचीस. पण मी म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर तू तुझं सांगितलं असतंस, आणि आपण दोघी गुपचूप दर वर्षी बोटीत जाऊन बसलो असतो. गुडघे दुखले असते तर दुखले असते. आपण दोन वर्षं नुसता आकडा ओढत राहिलो, तू तुझ्याकडे, मी माझ्याकडे.

मागच्या शुक्रवारी नसरीन माझ्या खोलीवर आली होती. तिला मी बोटीतल्या तुझ्या रडण्याबद्दल आणि शमीमबद्दल सांगितलं. तिला नावही माहीत नव्हतं. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मावशी, मला त्या बोटीत न्याल का?"

तिची शाळेची नोकरी, पोरीची दहावी, तुझा चाळिसावा व्हायचा, कॅलेंडरवरची खूण आठ महिने लांब. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं, आपा, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. मी ते गिळलं आणि विचारलं, "कशाला जायचंय गं तुला?"

ती म्हणाली, "अम्मी माझ्यासमोर कधीच रडली न्हाई, मावशी. अब्बा गेले तवाबी न्हाई. ती जिथं रडली, ती जागा मला बघायचीय."

"मग जाऊ," मी म्हटलं.

"कधी?"

"तू म्हणशील तेव्हा. आणि परत जावं वाटलं तर परत."

इतकं सोपं होतं ते, आपा.